वडिलांनी इटलीत काढलेली देवळं

माझ्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या खेड्यांमधल्या चर्चची चित्रं काढली होती. त्यांतलं एकही चित्र आज शिल्लक नाही. मी ती पाहिलेली नाहीत. माझ्या जन्माआधीच ती गेली. इथे जे लिहिते आहे ते वडिलांनी अधूनमधून सांगितलेलं आहे आणि आईने गेल्या वर्ष-दोन वर्षांत, पंच्याऐंशीच्या घरात पोचल्यावर सांगितलेलं आहे. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे तिथे तो तसाच ठेवला आहे. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरी पद्धत येत नाही.

वडील पौडजवळच्या एका गावचे. खडकीला जाऊन सैन्यात भरती झाले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यांची तुकडी पूल बांधणाऱ्यांची होती. माघार घेणारं सैन्य जाताना पूल उडवून द्यायचं आणि यांनी त्या जागी नवा टाकायचा. वडिलांना सुतारकाम येत होतं, म्हणून खिशात कायम चपटी पेन्सिल असायची. पुलाचं सामान आणणाऱ्या गाड्या चिखलात रुतत आणि मग कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त नुसतं बसून राहावं लागे. त्या वेळात ते चित्रं काढत. कागद म्हणजे सामानाच्या खोक्यांतलं तपकिरी अस्तर, चौकोनी फाडलेलं.

चर्चच का, असं मी कॉलेजात असताना दादांना, म्हणजे वडिलांना, विचारलं होतं. ते म्हणाले, "गावात सगळ्यात उंच तेच असायचं. लांबून दिसायचं." मग म्हणाले, "आणि दार उघडं असायचं."

त्यांनी सांगितलेला प्रसंग असा. सांग्रो नदीच्या बाजूला एका टेकडीवरच्या गावात ते पावसापासून आडोसा म्हणून चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. एक म्हातारी आली. काहीतरी बोलली, ते यांना कळलं नाही. तिने हाताला धरून आत नेलं आणि बाकावर बसवलं. "मी उठाय लागलो, तर खांदा दाबून परत बसवलं. मला वाटलं, हिला सांगावं का, आपण कोण ते. पण सांगायचं कसं? आणि तिला काय कळणार?"

आमच्या गावात देऊळ होतं. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या माणसांनी ओट्याच्या खाली, पायरीपासून लांब उभं राहून हात जोडायचे. वडिलांना त्या देवळाचं दार समोरून कसं दिसतं ते माहीत नव्हतं. हे ते रागाने सांगत नसत. रस्त्याची माहिती द्यावी तसं सांगत.

त्या दिवसानंतर त्यांनी चित्र काढायची एक रीत ठरवली. आधी दार काढायचं. उंबरा, चौकट, दोन्ही फळ्या, त्या किती उघड्या आहेत ते. मग दारावरून वर जायचं, भिंत, मनोरा, घंटा. कुठलंही चित्र मनोऱ्यापासून सुरू केलं नाही. वेळ संपला आणि गाड्या आल्या तर मनोरा अर्धा राहायचा, दार कधी अर्धं राहायचं नाही.

युद्धानंतर ते बरीच वर्षं सैन्यात राहिले. लग्न उशिरा केलं. आई त्यांच्याहून खूप लहान होती. नंतर खडकीलाच एका वर्कशॉपात सुतार म्हणून लागले आणि शनिवारी संध्याकाळी गावी येत, सोमवारी पहाटे जात. चित्रं काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, गणवेशाखाली असायची. शनिवारी जेवण झाल्यावर ते ट्रंक उघडत. आई सांगते, "मला बी दावायचे. म्हातारीनं आत बसवलं ते ह्ये, ह्याची घंटा बघ, बाहेर टांगल्याली हाय, लोखंडी कमानीत. भूकंपात वरचं पडलं म्हून बाहेर लावली म्हणं. मी म्हणायची, व्हय. मला काय कळतंय? पर त्यांचं त्वांड बघाय बरं वाटायचं."

नागपूरला धर्मांतर झालं. काही महिन्यांनी आमच्या वस्तीनेही धम्म स्वीकारला. गावोगाव झालं तेच इथे झालं: घरातले देव बाहेर काढायचे, टोपल्यात भरायचे आणि मिरवणुकीने नेऊन मुळा नदीत सोडायचे. पितळेचे टाक, शेंदूर फासलेले दगड, बाजारातून आणलेल्या तसबिरी, देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर. कार्यकर्त्यांनी घराघरात सांगितलं होतं, एकही देव मागे राहता कामा नये, फळीवरही नाही आणि पेटीतही नाही. माझ्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, चांदीचे दोन टाक दिले. ते तिच्या माहेरचे होते. ते टोपल्यात टाकताना ती रडली आणि मग सगळ्यांच्या पुढे चालत गेली.

मधला वार होता. वडील खडकीला होते. आईने पेटी हा शब्द ऐकला होता. तिने ट्रंक उघडली आणि चर्चची सगळी चित्रं काढून घेतली. देऊळ कुठल्याही देशातलं असलं तरी देऊळच. एका चित्रात दारावर बाई होती आणि तिच्या कडेवर मूल होतं. तो देवच असणार, यात तिला शंका नव्हती.

टाक बुडाले, दगड बुडाले. कागद वर तरंगत राहिले. आई सांगते, ते काठाशी यायचे, पुन्हा लोटले तरी यायचे. मग तिने ते गोळा केले, फडक्यात घातले, आत एक दगड घातला, गाठ मारली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं.

शनिवारी वडील आले. दारातच तिने अभिमानाने सांगितलं, आपल्या घरात आता काही राहिलं नाही, तुमच्या ट्रंकेतलं सुद्धा. ते आत गेले. ट्रंक उघडली. गणवेश उचलून पाहिला, तसाच ठेवला, झाकण लावलं. मग म्हणाले, "बरं केलंस. सगळ्यांनी दिलं, आपण बी दिलं." जेवले. हात धुतले. बाहेर जाऊन बसले. त्यानंतर कधीही, भांडणातसुद्धा, त्यांनी आईपाशी चित्रं गेल्याचा विषय काढला नाही. काढणार कसा? ती मिरवणूक त्यांचीच होती. त्या दिवशी गावात असते तर टोपलं त्यांनीच डोक्यावर घेतलं असतं, असं ते एरवी म्हणत, आणि ते खरं होतं. आमच्या घरात पुढे सण म्हणून जे काही झालं ते बुद्धपौर्णिमा आणि जयंती. वडिलांनी त्यात कधी हात आखडता घेतला नाही.

वस्तीत मात्र या गोष्टीचा विनोद झाला. माझी धाकटी काकू नंतर लग्न होऊन आली, तिने हे ऐकलं आणि वर्षानुवर्षं सांगितलं. चार बाया जमल्या की सुरू. "आमच्या जाऊबाईंनी तर घरातली चाळण बी टाकली आसती, भोकात देव बसला आसंल म्हून." बाया हसत. आईही हसे. वडील तिथे असले तर तेही थोडं हसत आणि काहीतरी काम काढून उठत.

ते निवृत्त झाल्यावर मी ऑफिसातून न्यूजप्रिंटच्या रिळाची उरलेली टोकं आणली. म्हटलं, पुन्हा काढा. त्यांनी नाही म्हटलं नाही. चार-पाच दिवस दुपारी बसले. नदी काढली, पूल काढला; पुलाचा प्रत्येक सांधा जिथल्या तिथे होता. टेकडी काढली. मग दाराच्या जागी हात थांबला. घंटा आधी डावीकडे काढली, खोडली, उजवीकडे काढली, तीही खोडली. म्हणाले, "ते बघून काढलं होतं. आठवून काढता येत नाही." आई चुलीजवळ होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. कागद त्यांनी नीट घडी करून मला परत दिले, ऑफिसचे आहेत म्हणून.

वडील जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. आई गावातच राहते, काकू शेजारच्या दारात. माझा फ्लॅट भुकूमला आहे. आठवड्यातून एकदा मी बसने जाते. पिरंगुटच्या कंपन्या सुटायच्या आत निघालं तर रस्ता बरा मिळतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आईने विचारलं, "ती देवळं उभी हायेत का गं अजून?"

"कुठली?"

"तुझ्या दादांची. तितली."

मी म्हटलं, माहीत नाही, का?

"उभी आसली तर कागद गेलं तर गेलं. तितं हाय की बघाय. मला तेवढं सांग. उभी हायेत का न्हाईत."

यानंतर ती प्रत्येक वेळी हेच विचारू लागली. तब्येत उतरत होती, दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि तिला या एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. बाकी कशाबद्दल ती मागे लागली नाही. काकू ओट्यावरून म्हणायची, "तिच्या त्या फोनात समदं जग हाय म्हणं, आन एक देऊळ घावंना व्हय?"

शोधायला हाताशी फार काही नव्हतं. वडिलांनी गावांची नावं लिहून ठेवली नव्हती. सांग्रो नदी, टेकडीवरचं गाव, खाली पूल, आणि मनोऱ्याऐवजी बाहेर लोखंडी कमानीत टांगलेली घंटा, एवढंच. त्या पट्ट्यातल्या गावांची यादी काढली आणि जिथे पत्ता मिळाला तिथे ईमेल पाठवला. मजकूर मी मराठीत लिहायचे, मशीन इटालियन करायचं. लिहिलं होतं की माझ्या वडिलांनी युद्धात तुमच्या भागातल्या चर्चची चित्रं काढली होती, त्यांतलं एक असं असं होतं, ते तुमच्या गावातलं असू शकेल का आणि ते चर्च आज उभं आहे का. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एक-दोघांनी नम्रपणे नाही कळवलं.

यंदा फेब्रुवारीत एका गावातून उत्तर आलं. लिहिणारी बाई तिथली निवृत्त शिक्षिका होती. तिच्या गावातल्या जुन्या चर्चची घंटा भूकंपानंतर बाहेर लोखंडी कमानीत लावलेली होती, हे तिने तिच्या वडिलांकडून ऐकलं होतं. नदी, टेकडी, पूल जुळत होते. तेच चर्च, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बातमी असती तर "बहुधा" लावून छापली असती.

ते चर्च पूल झाल्यानंतरच्या हिवाळ्यात तोफांच्या माऱ्यात पडलं. त्याच जागी युद्धानंतर नवं बांधलं. त्याचा फोटो तिने सोबत जोडला होता. जुन्याचा समोरून घेतलेला एकही फोटो गावात नाही. एका लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे चौकटीचा एक कोपरा दिसतो, तेवढाच. घंटा दाराच्या कुठल्या बाजूला होती यावर गावातले दोन म्हातारे अजून भांडतात, असं तिने लिहिलं होतं. आणि शेवटी विनंती होती. तुमच्या वडिलांच्या चित्राची प्रत मिळाली तर आम्ही ती चर्चमध्ये लावू. कागद फार जीर्ण असेल तर बाहेर काढू नका, मोबाइलवर घेतलेला फोटोही चालेल.

मी "काढली होती" असं लिहिलं होतं. ती चित्रं आता नाहीत, हे लिहिलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी गावी गेले. आई ओट्यावर ताटात तांदूळ निवडत होती, काकू शेजारी बसलेली.

"आलं का तुजं इटलीवालं?" काकूने विचारलं. "का आजून टपाल बोटीतच हाय?"

"आलंय," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. "उभं हाय?"

"उभं आहे."

"दाव."

मी फोटो मोठा करून फोन तिच्या हातात दिला. तिने तो आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ नेला. सिमेंटची सपाट भिंत, काचेचं दार, बाजूला उभ्या केलेल्या गाड्या.

"ह्ये?" ती म्हणाली. "ह्ये तर पिरंगुटातल्या कंपनीवानी हाय."

काकू हसली.

"घंटा कुटं हाय?"

"आत असेल."

"भाईर व्हती. उजव्या अंगाला. आन दाराला तीन पायऱ्या व्हत्या, मदली फुटल्याली." तिने फोन माझ्याकडे दिला. "ह्ये न्हाई."

"तेच आहे, आई. नवं बांधलंय. जुनं पडलं, लढाईतच."

"दादा तितं आसताना?"

"ते पुढे गेल्यावर."

ताटातला एक खडा उचलून तिने अंगणात टाकला. मग म्हणाली, "जुन्याचं चित्र आसंल की कुणाकडं. एवढं गाव हाय."

सांगावं की नाही हे मी येताना बसमध्ये ठरवून आले होते. सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही कुणाकडे. त्यांनी आपल्याकडे मागितलंय."

काकू म्हणाली, "जाऊ द्या वो जाऊबाई. कागदच त्ये."

"तू गप बस," आई म्हणाली. काकूला ती असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. काकू उठून तिच्या दारात गेली.

मग आईने विचारलं, "काय लिवलंस त्यास्नी?"

"अजून काही नाही."

"लिव."

मी फोनवर टाइप करू लागले. ती थांबून थांबून सांगत होती. चित्र होतं. माझ्या मालकांनी काढलं होतं. ते पूल बांधायला आले होते. आमच्या लोकांनी धर्म बदलला, तेव्हा सगळे देव नदीत सोडले, त्यात मी ते सोडलं. घंटा उजव्या अंगाला होती, दाराकडं तोंड करून उभं राहिलं की. पायऱ्या तीन होत्या. दार उघडं होतं.

वडिलांनी घंटा दोन्ही बाजूंना काढून खोडली होती, हे मला आठवत होतं. एकाच साक्षीदाराच्या, जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीवर मी कुठलीही गोष्ट छापली नसती. तरी तिने सांगितलं तसंच टाइप केलं. शेवटी माझ्या मनाने एक वाक्य जोडलं: त्या वेळी माझी आई सतरा वर्षांची होती, तिला वाचता येत नव्हतं आणि ही चित्रं काय आहेत याची तिला कल्पना नव्हती.

"वाच," ती म्हणाली.

मी सगळं वाचलं. तिने मान हलवत ऐकलं. शेवटच्या वाक्याला मान थांबली.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मी. तसंच तर होतं ना."

"काढ त्ये."

"आई, तुला काय माहीत होतं तेव्हा?"

"मला म्हाईत व्हतं." आवाज चढवला नाही. "देवळं हायेत म्हून टाकली, ते खरं. पर त्यांचा जीव हाय त्यात, ह्ये म्हाईत व्हतं. दर शनवारी बघत व्हते की मी. सासूनं टाक दिलं, तिचा जीव व्हता त्यात. समद्यांनी जीव आसल्यालंच दिलं. मला वाटलं, आपल्या घरातनं त्यांचं बी गेलं पायजे, न्हाईतर आपलं देणं कसलं?"

मी विचारलं, हे लिहू का?

"नगं. त्यास्नी काय करायचं त्ये? तेवढं काढ फकस्त. खोटं नगं."

मी ते वाक्य काढलं. तिने पुन्हा सगळं वाचायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "धाड." मी पाठवलं. गेलं का, विचारलं. गेलं, म्हटलं.

"दादांना माहीत होतं?" मी विचारलं. "तू जाणूनबुजून दिलीस ते?"

तिने ताट बाजूला सारलं. पदराने तोंड पुसलं, मग डोळे.

"इचारलं आसतं तर सांगितलं आसतं," ती म्हणाली. "मी वाट बघितली. लई वर्सं बघितली. त्यांनी कदी इचारलंच न्हाई."